नेमसर्व्हर बदलताना जुनं दुकान लगेच बंद करू नका

सोमवारी सकाळी साडेदहाला लकडगंजच्या काकांचा फोन आला. त्यांचा सागवान आणि प्लायवूडचा धंदा आहे, वेबसाइट आणि मेल मी बघते. मागे आरा मशीन चालू होती म्हणून ते ओरडूनच बोलत होते, "अगं पोरी, दोन दिवसापासून काही मेल येऊन राहिले, काही नाई येऊन राहिले. बँकेचा आला, रायपूरवाल्याचा नाई आला, तो फोन करून राहिला का तुमचा आयडी बंद केला का म्हणून. पाहून घे न जरा." माझ्या पोटात गोळाच आला, कारण शनिवारी संध्याकाळी त्यांच्या डोमेनचे, म्हणजे वेबसाइटच्या नावाचे, नेमसर्व्हर मीच बदलले होते. वेबसाइट लॅपटॉपवर उघडून पाहिली, उघडली, फोनवर पाहिली, उघडली, आणि झालं काम म्हणून मी उठले होते.

त्रिमूर्तीनगरहून गाडी काढली आणि तडक दुकान गाठलं. काकांनी काउंटरवरचा भुसा हाताने बाजूला केला आणि फोन पुढे धरला, रायपूरवाल्याने व्हॉट्सअॅपवर पाठवलेला स्क्रीनशॉट. ५५०, नो सच यूजर. म्हणजे मेल रस्त्यात अडकला नव्हता, तो एका सर्व्हरपर्यंत पोचला होता आणि त्या सर्व्हरने "या नावाचं इथे कोणी राहत नाही" म्हणून परत पाठवला होता. त्या मेलमध्ये ऑर्डर होती. तो माणूस काकांचा पंधरा वर्षांचा गिऱ्हाईक, म्हणून त्याने फोन तरी केला, नवा कोणी असता तर दुसरीकडे गेला असता आणि आम्हाला कधी कळलंही नसतं.

ही चार वर्षांपूर्वीची गोष्ट. त्यानंतर मी नागपुरातल्या बऱ्याच दुकानांचे, क्लासेसचे, दवाखान्यांचे नेमसर्व्हर बदलले आणि आता माझी एक पद्धत बसली आहे, ती इथे लिहून ठेवते. कारण हे काम ज्याच्यावर येतं तो बहुतेक वेळा एकटाच असतो, यूट्यूबवरच्या तीन मिनिटांच्या व्हिडिओत "इथे क्लिक करा, सेव्ह करा" एवढंच दाखवतात, आणि क्लिक तर खरंच एक मिनिटाचं असतं, पण त्याच्या आधीचे दोन-तीन दिवस आणि नंतरचा आठवडा कोणी सांगत नाही.

काकांकडे काय झालं होतं ते आधी सांगते. नेमसर्व्हर म्हणजे तुमच्या डोमेनची सगळी माहिती ज्याच्याकडे लिहिलेली असते तो. वेबसाइट कुठल्या आयपीवर, म्हणजे सर्व्हरच्या आकडी पत्त्यावर, आहे ते ए रेकॉर्ड सांगतो, मेल कोणी घ्यायचा ते एमएक्स रेकॉर्ड सांगतो, बाकी टेक्स्ट, सीनेम वगैरे. या सगळ्या यादीला झोन म्हणतात, ती एक वहीच समजा. नेमसर्व्हर बदलला म्हणजे नवीन वहीकडे बोट दाखवलं, जुन्या वहीतलं काहीही आपोआप नव्या वहीत येत नाही. मी नव्या वहीत वेबसाइटचे दोन रेकॉर्ड लिहिले होते आणि एमएक्स लिहायचा राहून गेला होता. आता एमएक्स नसला की मेल पाठवणारा सर्व्हर हात टेकून बसत नाही, नियम असा आहे की एमएक्स नसेल तर डोमेनचा ए रेकॉर्ड जिथे आहे तिथेच मेल द्यायचा प्रयत्न करायचा. ए रेकॉर्ड होता नव्या वेब होस्टिंगचा, तिथे काकांची मेलबॉक्सच नव्हती, म्हणून ५५०. आणि पाचशेच्या घरातला एरर म्हणजे कायमचा नकार, त्यानंतर पाठवणारा पुन्हा प्रयत्न करत नाही. सर्व्हर नुसता बंद असता, उत्तरच देत नसता, तर तोच मेल चार-पाच दिवस परत परत पाठवला गेला असता आणि सोमवारी दुरुस्त केल्यावर पोचलाही असता. अर्धवट चालू असलेली गोष्ट पूर्ण बंद असलेल्या गोष्टीपेक्षा जास्त नुकसान करते हे मी त्या दिवशी काउंटरवर उभं राहून शिकले.

मग बँकेचा मेल कसा आला? ही गोष्ट नीट समजली की बाकीचं सगळं आपसूक समजतं.

समजा तुमचं दुकान इतवारीत आहे आणि तुम्ही ते कळमन्याला हलवलं. चौकातल्या पानठेल्यावाल्याला सांगून ठेवलं की कोणी विचारलं तर नवा पत्ता सांग. आज जो पहिल्यांदा विचारेल तो सरळ कळमन्याला जाईल. पण ज्याने काल विचारलं होतं तो पानठेल्यावर कशाला थांबेल, त्याच्या डोक्यात पत्ता आहे, तो सरळ इतवारीतच जाणार. डॉट कॉमच्या बाबतीत हा पानठेला म्हणजे डॉट कॉमचे सर्व्हर, ते व्हेरिसाइन ही कंपनी चालवते, आणि तिथून मिळालेला "या डोमेनचे नेमसर्व्हर हे" हा पत्ता १,७२,८०० सेकंद डोक्यात ठेवायची परवानगी असते. म्हणजे ४८ तास. जो तो आपापल्या वेळी विचारून गेलेला असतो त्यामुळे कोणाचे ४८ तास आज दुपारी संपतील, कोणाचे परवा पहाटे. बँकेच्या सर्व्हरने शुक्रवारी-शनिवारी कधीतरी विचारलेलं असणार, तो जुन्या दुकानात गेला, जुन्या वहीत एमएक्स होता, मेल जुन्या मेलबॉक्समध्ये पडला. रायपूरवाल्याच्या सर्व्हरने नव्याने विचारलं आणि तो अर्धवट मांडलेल्या नव्या दुकानात गेला.

सगळे याला प्रोपगेशन म्हणतात, "थांबा, प्रोपगेशन होऊन राहिलं" असं सांगतात, आणि त्या शब्दामुळे असं वाटतं की तुमची नवी माहिती हळूहळू जगभर पसरत चालली आहे. तसं काही पसरत नसतं. डॉट कॉमकडे बदल काही मिनिटांतच लागतो. बाकीचा वेळ जातो तो लोकांच्या डोक्यातला जुना पत्ता विसरला जाण्यात. आणि आपण तो लोकांच्या डोक्यातून काढून टाकू शकत नाही, ४८ तासांचा आकडा आपल्या हातात नाही, तो डॉट कॉमचा आहे. आपल्या हातात एकच गोष्ट आहे, ती म्हणजे या दोन दिवसांत दोन्ही दुकानांत तोच माल ठेवायचा. कोणी इतवारीत जावो की कळमन्याला, त्याला तेच मिळालं पाहिजे. हे जमलं तर बदल झाला हे कोणाला कळतसुद्धा नाही.

म्हणून माझा पहिला नियम, एका वेळी एकच हलवायचं. नेमसर्व्हर बदलायचे तर फक्त नेमसर्व्हर बदलायचे, वेब होस्टिंग आणि मेल जिथे आहेत तिथेच राहू द्यायचे, नव्या झोनमध्ये जुन्याच झोनची हुबेहूब नक्कल लिहायची. आठवडाभराने सगळं स्थिर झालं की मग वेबसाइट हलवा, मग मेल हलवा. गिऱ्हाईक म्हणतं की ताई एका रात्रीत सगळं करून टाका न, पैसे एकदाच घ्या, पण मी ऐकत नाही. मेल आणि नेमसर्व्हर एकदम हलवले तर दोन दिवस अर्धे मेल जुन्या मेलबॉक्समध्ये आणि अर्धे नव्यात पडतात, आणि ऑफिसातल्या माणसाला दोन ठिकाणी लॉगिन करून बघत बसावं लागतं.

आता नक्कल करायची म्हणजे जुन्या वहीत काय काय आहे ते कळायला हवं, आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. जुन्या पॅनेलचं, म्हणजे जिथे हे रेकॉर्ड लिहितात त्या पानाचं, लॉगिन असेल तर सोपं, झोन एक्सपोर्ट करायचा पर्याय असतो, ती फाइल घ्यायची आणि नवीन ठिकाणी इम्पोर्ट करायची. पण आपल्याकडे निम्म्या वेळा लॉगिन नसतं. आधी ज्याने वेबसाइट बनवली तो पुण्याला निघून गेलेला असतो, फोन उचलत नाही. मग बाहेरून शोधावं लागतं, आणि डीएनएसला, म्हणजे हे नाव-पत्ते सांगणाऱ्या यंत्रणेला, "या डोमेनचं सगळं दे" असं विचारायची सोयच राहिलेली नाही. पूर्वी ती चालायची, पण तिचा गैरवापर फार झाला म्हणून बहुतेक सर्व्हर आता नकार देतात. एकेका नावाने विचारावं लागतं. नवीन डीएनएसवाले स्वतः स्कॅन करून रेकॉर्ड भरून देतात, क्लाउडफ्लेअर देतं, पण तेही नेहमीच्या नावांवरूनच अंदाज बांधतं, तुमच्या क्लासने परीक्षेसाठी वेगळ्याच नावाचा सबडोमेन, म्हणजे डोमेनच्या आधी आणखी एक नाव जोडलेला पत्ता, केला असेल तर ते त्याला कुठून कळणार.

माझी पद्धत अशी. एक साधी वही घेते, हो, कागदाचीच, आणि त्यात एकेक ओळ लिहिते. डोमेन स्वतः, मग डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू, मग मेल, वेबमेल, एफटीपी, ऑटोडिस्कव्हर. मग मालकाला विचारते की आणखी काय काय उघडता तुम्ही रोज. हा प्रश्न फोनवर विचारून फायदा नाही, समोर बसून विचारायचा आणि त्यांच्या ब्राउझरची हिस्ट्री त्यांच्याच हाताने उघडायला लावायची. या वर्षी रामदासपेठेतल्या एका पॅथॉलॉजी लॅबचं काम केलं तेव्हा डॉक्टर मॅडम म्हणाल्या की वेबसाइट आणि मेल, बस्स एवढंच. मी रिसेप्शनवरच्या दादांच्या शेजारी पंधरा मिनिटं बसले तर ते दर दोन मिनिटाला एक पान उघडत होते, रिपोर्ट्स या नावाने सुरू होणारा सबडोमेन, पेशंटला रिपोर्टची लिंक तिथून जायची. मॅडमना तो वेगळा पत्ता आहे हेच माहीत नव्हतं, त्यांच्यासाठी ते "सॉफ्टवेअर" होतं. तो रेकॉर्ड राहिला असता तर दुसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी रक्त देऊन गेलेल्या माणसांना संध्याकाळी रिपोर्ट मिळाला नसता. वेबसाइट मात्र छान उघडली असती.

आणखी एक जागा आहे जिथे सबडोमेन सापडतात, सर्टिफिकेट ट्रान्सपरन्सीचे लॉग. एसएसएल सर्टिफिकेट निघालं की त्याची सार्वजनिक नोंद होते, सीआरटी डॉट एसएच या साइटवर डोमेन टाकलं की आजवर कुठल्या कुठल्या नावाने सर्टिफिकेट निघाली ते दिसतं. लॅबच्या वेळी तिथे एक जुना टेस्ट सबडोमेनही सापडला जो कोणालाच आठवत नव्हता, तो मी विचारून सोडून दिला.

मेलच्या रेकॉर्डवर जरा जास्त थांबते कारण माझा हात इथेच पोळलाय. एमएक्स तर लिहायचाच, आणि त्याच्यासोबतचा प्रायॉरिटीचा आकडा जसाच्या तसा, कारण लहान आकडा आधी वापरला जातो. गूगल वर्कस्पेसच्या जुन्या खात्यांना पाच एमएक्स असतात आणि २०२३ नंतरच्यांना एकच, दोन्ही चालतं, जे आहे ते तसंच उतरवा, याच वेळी सुधारणा करायला जाऊ नका. मग एसपीएफ, म्हणजे तुमच्या नावाने मेल कोणी पाठवायचा याची यादी, हा एक टेक्स्ट रेकॉर्ड असतो आणि तो एकच असला पाहिजे, दोन लिहिले तर दोन्ही निकामी होतात. मग डीमार्क, म्हणजे तपासणीत नापास झालेल्या मेलचं काय करायचं ती सूचना. आणि मग डीकेआयएम, म्हणजे मेलवरची सही तपासायची चावी, जो सगळ्यात जास्त विसरला जातो कारण त्याचं नाव तुम्हाला माहीत असल्याशिवाय तो शोधताच येत नाही. त्याच्या नावाच्या सुरुवातीला एक सिलेक्टर असतो, कुठे गूगल, कुठे डिफॉल्ट, कुठे एस१, ज्याने जे ठेवलं ते. तो ओळखायची सोपी युक्ती म्हणजे ऑफिसच्या आयडीवरून स्वतःच्या जीमेलला एक मेल पाठवायला सांगायचं, तो उघडून तीन टिंबांवर "शो ओरिजिनल" करायचं, डीकेआयएम सिग्नेचरच्या ओळीत एस बरोबर काय लिहिलंय ते पाहायचं. तोच सिलेक्टर. बिलिंगचं सॉफ्टवेअर किंवा न्यूजलेटरवाला वेगळा असेल तर त्याचा सिलेक्टर वेगळा, म्हणून बिलाचा मेलसुद्धा मागवून बघायचा. आणि २०४८ बिटची चावी असेल तर तो मजकूर २५५ अक्षरांपेक्षा लांब असतो, काही पॅनेल तो दोन तुकड्यांत मागतात, कॉपी-पेस्ट करताना मध्ये एखादी स्पेस शिरली की चावी मोडली. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल प्रत्येक पाठवणाऱ्याकडून एसपीएफ किंवा डीकेआयएम मागतं, तर हे आता हौसेचं राहिलं नाही, हे गेलं की तुमचे मेल स्पॅममध्ये किंवा परत.

एक छोटी चूक मी इतक्यांदा पाहिली आहे की सांगितल्याशिवाय राहवत नाही. काही पॅनेलमध्ये नाव लिहिताना डोमेन ते स्वतः पुढे जोडतात. तुम्ही पूर्ण पत्ता लिहिला तर तो दोनदा जोडला जातो, मेल डॉट अमुक डॉट कॉम डॉट अमुक डॉट कॉम. दिसायला ओळ भरलेली दिसते, उत्तर मात्र कोणालाच मिळत नाही.

आता डीएनएससेक. सेटिंगमध्ये हे चालू आहे का ते नेमसर्व्हरला हात लावायच्या आधी बघायचं, नंतर नाही. डीएनएससेक चालू असेल तर डॉट कॉमकडे तुमच्या डोमेनची एक खूण ठेवलेली असते, डीएस रेकॉर्ड, की उत्तरावर या चावीची सही असेल तरच खरं माना. तुम्ही नेमसर्व्हर बदलले, नव्या सर्व्हरकडे ती चावी नाही, डीएस मात्र तसाच राहिला, की सही तपासणारा प्रत्येक रिझॉल्व्हर, म्हणजे लोकांच्या वतीने पत्ता विचारून आणणारा सर्व्हर, तुमचं डोमेन नाकारतो. धरमपेठेतल्या एका क्लासचं असंच झालं होतं, दुसऱ्याने केलेलं काम माझ्याकडे आलं. संचालक सर म्हणत होते, "मॅडम, माझ्या घरी साइट चालते, क्लासच्या वायफायवर नाही चालत, पोरांच्या पालकांचे फोन येऊन राहिले." सगळ्यांनी राउटर बदलून पाहिला, केबल बदलून पाहिली. कारण एवढंच होतं की क्लासच्या राउटरमध्ये गूगलचा ८.८.८.८ हा रिझॉल्व्हर टाकला होता आणि तो सही तपासतो, घरच्या कनेक्शनचा तपासत नव्हता. त्यामुळे क्रम असा ठेवायचा: आधी रजिस्ट्रारकडून, म्हणजे डोमेन जिथून विकत घेतलं त्याच्याकडून, डीएस काढायचा, जुन्या झोनमधली सही मात्र तशीच चालू ठेवायची, मग पूर्ण एक दिवस थांबायचं कारण डॉट कॉममधला डीएस २४ तास लोकांच्या डोक्यात राहतो, आणि मगच नेमसर्व्हर बदलायचे. नव्या ठिकाणी सगळं स्थिर झालं की डीएनएससेक परत चालू करा, जरूर करा. मोठ्या लोकांनाही हे चुकलंय. ३० सप्टेंबर २०२१ ला स्लॅक या ऑफिसच्या चॅट अॅपने डीएनएससेक चालू केलं, अडचण आली म्हणून घाईत डीएस काढला आणि सहीही लगेच बंद केली, आणि ज्यांच्याकडे जुना डीएस आठवणीत होता त्यांच्यासाठी स्लॅक गायब झालं.

त्याच्या चारच दिवसांनी, ४ ऑक्टोबर २०२१ ला, आपल्याकडे रात्री नऊनंतर व्हॉट्सअॅप, फेसबुक, इन्स्टाग्राम सगळं एकदम बंद पडलं होतं ते बहुतेकांना आठवत असेल, जवळपास सहा तास. मूळ गडबड त्यांच्या नेटवर्कच्या रस्त्यांची होती, पण त्यात त्यांचे नेमसर्व्हर जगाला दिसेनासे झाले आणि फेसबुक डॉट कॉम कुठे आहे हे सांगणाराच कोणी उरला नाही. मी ज्यांना डीएनएस समजावते त्यांना ही रात्र आठवायला सांगते, मग पुढचं फार समजवावं लागत नाही.

आणखी एक तपासायची गोष्ट, रजिस्ट्रारच्या खात्यावर कुठला ईमेल आहे. काकांच्या खात्यावर त्यांच्याच डोमेनचा ईमेल होता. म्हणजे डोमेनचा मेल बंद पडला की रजिस्ट्रारचा ओटीपीसुद्धा त्याच बंद पडलेल्या मेलवर जाणार, आणि आपण बाहेर. तेव्हा आमचं नशीब की माझ्या ब्राउझरमध्ये लॉगिन चालू राहिलं होतं. खातं कोणाच्या नावावर आहे हेही बघा, बऱ्याच ठिकाणी डोमेन वेबसाइट बनवणाऱ्याच्या नावावर घेतलेलं असतं आणि मालकाला ते माहीतही नसतं, ते आधी मालकाच्या नावावर करून घ्या. आणि हो, नेमसर्व्हर बदलणं म्हणजे डोमेन ट्रान्सफर नव्हे, त्यासाठी कोणताही कोड लागत नाही, रजिस्ट्रार तोच राहतो, कोणी कोड मागत असेल तर तो दुसरंच काहीतरी करून राहिला आहे.

वही भरली, नवा झोन भरला, की बदलायच्या आधी नव्या सर्व्हरला सरळ त्याच्या नावाने विचारायचं. विंडोजवर कमांड प्रॉम्प्टमध्ये एनएसलुकअप चालतं, लिनक्स आणि मॅकवर डिग, दोन्हींत शेवटी नव्या नेमसर्व्हरचं नाव देता येतं म्हणजे प्रश्न पानठेल्यावर न जाता थेट नव्या दुकानात जातो. वहीतली एकेक ओळ जुन्याला विचारायची, नव्याला विचारायची, दोन्ही उत्तरं सारखी आली की टिक. लॅबच्या वेळी बावीस ओळी होत्या, दोन तास लागले, आणि त्यात दोन चुका सापडल्या, एक डीकेआयएममधली तुटलेली चावी आणि एक मेलचा ए रेकॉर्ड, ज्याच्यावर क्लाउडफ्लेअरचा नारिंगी ढग, म्हणजे सगळं त्यांच्या सर्व्हरमधून नेणारा पर्याय, चालू राहिला होता. तो ढग वेबसाइटसाठी चांगला, पण मेल त्याच्यातून जात नाही, मेलच्या नावावर तो राखाडीच पाहिजे. आणि विचारायची घाई अशी करायची नाही की रेकॉर्ड लिहायच्या आधीच जगाला विचारून बसलो, कारण "असं नाव नाही" हे उत्तरसुद्धा रिझॉल्व्हर लक्षात ठेवतो, कुठे तासभर, कुठे अख्खा दिवस.

टीटीएल, म्हणजे उत्तर किती वेळ लक्षात ठेवायचं तो आकडा, दोन दिवस आधी कमी करून ठेवते. सीपॅनेल या होस्टिंगच्या पॅनेलमध्ये तो बहुधा १४,४०० सेकंद असतो म्हणजे चार तास, मी दोन्ही झोनमध्ये ३०० करते. याने नेमसर्व्हरचे ४८ तास कमी होत नाहीत हे लक्षात घ्या, याचा फायदा एवढाच की नव्या झोनमध्ये एखादी ओळ चुकली तर दुरुस्ती पाच मिनिटांत लागते. आणि जुन्या पॅनेलने परवानगी दिली तर जुन्या झोनमधले एनएस, म्हणजे नेमसर्व्हर सांगणारे, रेकॉर्डसुद्धा नव्या नेमसर्व्हरचे करून टाकायचे. ही गोष्ट मला फार उशिरा कळली. काही रिझॉल्व्हर जुन्या दुकानात गेले की तिथेच विचारतात "तुमचा पत्ता हाच न?" आणि जुनं दुकान हो म्हणत राहिलं तर ते ४८ तासांनंतरही तिथेच जात राहतात. जुन्या दुकानाच्या दारावर नव्या पत्त्याची पाटी लावली की तेही वळतात.

वार मी मंगळवार किंवा बुधवार निवडते, रात्री दहानंतर. शनिवार नाही, कारण रविवारी जुन्या होस्टिंगवाल्याकडे कोणी फोन उचलत नाही. व्यापाऱ्यांचं काम असेल तर दिवाळीचा आठवडा आणि मार्चचा शेवट सोडून. लॅबचं बुधवारी रात्री केलं. रजिस्ट्रारच्या पानावर दोन्ही नेमसर्व्हर टाकले, अक्षर न अक्षर वाचून, कारण क्लाउडफ्लेअर प्रत्येकाला ठरावीक जोडी देतं आणि दुसऱ्या गिऱ्हाईकाची जोडी टाकली तर चालत नाही. जुनी नावं आधी वहीत लिहून ठेवली. सेव्ह केलं, दहा मिनिटांनी डॉट कॉमच्या सर्व्हरला विचारलं, नवी नावं आली. मग रिपोर्टचं पान, मेल आत, मेल बाहेर, शो ओरिजिनलमध्ये तिन्ही ठिकाणी पास. पावणेबाराला झोपले.

आणि चूक सापडलीच तर घाबरून नेमसर्व्हर परत जुने करू नका. परत जायलाही तेच ४८ तास लागतात, अर्धं जग इकडे आणि अर्धं तिकडे असा घोळ दुप्पट होतो. नव्या झोनमध्ये राहिलेली ओळ लिहा, थोडा वेळ थांबा. काकांच्या दुकानात मी तेच केलं, काउंटरवर लॅपटॉप ठेवून एमएक्स आणि एसपीएफ भरले, तासाभराने रायपूरवाल्याला परत पाठवायला सांगितलं आणि मेल आला. जुनं होस्टिंग तेव्हा अजून चालू होतं म्हणून निम्मे मेल तरी वाचले होते. काका मला म्हणत होते की आता जुन्याचे पैसे काहून भरायचे, बंद करून टाकतो, आणि मी त्यांना हो म्हणायच्या बेतात होते.

लॅबचा जुना झोन मी आठ दिवस तसाच ठेवला. नवव्या दिवशी मॅडमना सांगून बंद करायला लावला, आणि सगळ्या बावीस ओळींची प्रिंट त्यांच्या लायसन्सच्या फाइलमध्ये लावून ठेवली, पुढच्या वेळी माझ्याऐवजी दुसरं कोणी असेल तर त्याला ब्राउझरच्या हिस्ट्रीपासून सुरुवात करायला नको. मग वाटलं की ज्यांच्यामुळे हे शिकले त्यांच्याकडेच ही प्रिंट नाही. गेल्या आठवड्यात लकडगंजला गेले, प्रिंट दिली, आणि रजिस्ट्रारच्या खात्यावरचा ईमेल बदलून त्यांचा जीमेल टाकायला बसले. ओटीपी त्यांच्या फोनवर आला, त्यांनी आकडे वाचले, मला आऱ्याच्या आवाजात एकही ऐकू आला नाही. काकांनी आतल्या पोराला हाक मारली, "थांब रे दोन मिनिट," आणि मशीन बंद करवून एकेक आकडा सावकाश सांगितला.